भिंत दोघांची, नोटीस एकाची

आमचे हे भिंतींचे डॉक्टर. पाटीवर ‘इमारत तपासनीस’ असं लिहिलंय, पण काम तेच. दोन घरांच्या मध्ये एकच भिंत असली आणि एकाला आपल्या बाजूने फोडाफोडी करायची असली, की दुसरा कंबर कसून उभा राहतो. मग ह्यांना बोलावणं येतं. हे जातात, भिंतीवर टॉर्च मारतात, भेगा मोजतात, दोन्हीकडचा चहा पितात आणि भांडण मिटवून येतात. बावीस वर्षं हेच चाललंय. आणि अशा माणसाने स्वतःच्या शेजारणीला काय पाठवावं? तर रजिस्टर पोस्टाने नोटीस! पाच पावलांवर दार आहे हो त्यांचं. मी आमच्या पायरीवर शिंकले तर त्या आतून विचारतात, “गोळी घेतलीस का?”

पण असं मधूनच सांगून उपयोग नाही. आधी ताईचं सांगते, कारण ताई पडली नसती तर त्या भिंतीला कोणी बोटसुद्धा लावलं नसतं.

ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. वेणी घालण्यापासून कान पिळण्यापर्यंत माझं सगळं ताईने केलं. स्वतः लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, “एक पोर वाढवून झालंय, पुरे.” तीस वर्षं ती बसच्या पासच्या खिडकीमागे बसली. “फॉर्म नीट भरा. फोटो उलटा लावलाय. मागे सरका.” घरातही तोच खाक्या. आमच्याकडे आली की पाच मिनिटांत माझ्या स्वयंपाकघरातले डबे इकडचे तिकडे झालेले असायचे. तीन महिन्यांपूर्वी ही बाई जिन्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता एका फिजिओथेरपी केंद्रात राहून वॉकर धरून चालायला शिकत होती. पण तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टच्या नावाने बोंब. तिथे परत जाणं शक्यच नव्हतं.

आमच्याकडे तळमजल्याला गॅरेज होतं. गाडी विकून सहा वर्षं झाली होती. आत मोडक्या खुर्च्या, लेकीची जुनी सायकल आणि ह्यांनी ‘कधीतरी लागतील’ म्हणून जपलेले पाइप. त्या गॅरेजची खोली करायची, शेजारी बाथरूम काढायचं आणि स्वयंपाकघरातून तिकडे जाणारं दार वॉकर जाईल एवढं रुंद करायचं. मी तोंड उघडायच्या आधी हे स्वतःच नकाशा काढायला बसले. माणूस वाईट नाही हो, ते आधीच सांगून ठेवते. आता दार रुंद करायचं तर त्याच्यावर लोखंडी तुळई टाकायला हवी, आणि तुळईचं एक टोक टेकणार आमच्या आणि बाईंच्या सामाईक भिंतीत. म्हणून बाईंची संमती हवी.

मी नकाशा घेऊन केंद्रात गेले. ताई पलंगावर पाय सोडून बसली होती.

“खिडकी कुठे हवी सांग,” मी म्हटलं.

“काहीही चालेल.”

“बरं, पलंग? भिंतीकडे की दाराकडे?”

“कुठेही चालेल गं.”

ताईच्या तोंडी ‘चालेल’! उभ्या जन्मात ताईला कधी काही चाललं नव्हतं. लग्नात माझ्या सासूबाईंनी निवडलेला पडद्यांचा रंगसुद्धा तिला चालला नव्हता, आणि तिने ते भर मांडवात सांगितलं होतं.

“चिमे, खरं सांगू?” ती म्हणाली. “मी वृद्धाश्रमात एक जागा सांगून ठेवलीय. तीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मेहुण्याच्या दारात जाऊन पडणं माझ्याने व्हायचं नाही. तुझा नवरा देवमाणूस आहे, अगदी मान्य. पण घर त्याचं. तिथे निदान पलंगाच्या पायथ्याशी माझ्या नावाची पाटी असेल.”

“घर माझंही आहे,” मी म्हटलं.

“असेल,” ताई म्हणाली आणि नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली.

मला रडू आलं, आणि रागही आला. बसमध्ये बसल्या बसल्या मी ठरवलं, एकदा खोलीचं काम सुरू होऊ दे, मग हिची सगळी कारणं संपतील. तीस तारखेच्या आत त्या भिंतीत तुळई बसलीच पाहिजे. हातात तेवीस दिवस होते.

आता बाई. सगळी गल्ली त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते. वय चौऱ्याहत्तर, कोर्टात चाळीस वर्षं टायपिस्ट होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. टाइपरायटर अजून आहे, आणि तो ठेवलेला आमच्या सामाईक भिंतीला लागून. वेगावरून मला बसल्या जागी समजतं. थांबत थांबत चाललं असेल तर भाचीला पत्र. ताडताड चाललं असेल तर नळाच्या पाण्याबद्दल तक्रार. माझं बाळंतपण झालं तेव्हा दीड महिना माझं जेवण त्यांच्या घरून आलं होतं. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते.

म्हणून मी ह्यांना म्हटलं, “अहो, उठा आणि बाईंना सांगून या. दोन मिनिटांचं काम.”

“तसं नसतं,” हे म्हणाले. “तोंडी बोलणं म्हणजे पाण्यावरची रेघ. अर्धी भांडणं तोंडी बोलण्यातूनच होतात. मी लोकांना काय सांगतो? आधी कागद!”

आणि दिला कागद धाडून. आमची पोस्टवाली ती नोटीस आमच्याच कोपऱ्यावरच्या ऑफिसातून मोठ्या ऑफिसात घेऊन गेली, तिथे शिक्के बसले, आणि तिसऱ्या दिवशी तीच पोस्टवाली तीच नोटीस घेऊन आमच्या दारावरून पुढे बाईंकडे गेली. ह्याला म्हणतात द्राविडी प्राणायाम. बाईंनी सही करून पाकीट घेतलं, आमच्या खिडकीकडे एकदा बघितलं आणि दार लावलं. दहा मिनिटांनी टाइपरायटर सुरू झाला. ताडताड.

“ही तक्रार आहे,” मी म्हटलं.

“तुला काय कळतं?” हे म्हणाले.

दोन दिवसांनी उत्तर आलं, अर्थात रजिस्टरनेच. ‘विषय: भिंत. महोदय, आपली नोटीस मिळाली. तीत ‘मी, सदर घराचा एकमेव मालक’ असे म्हटले आहे. हे बरोबर आहे काय? उलट टपाली कळवावे.’

हे खूश! “बघ, किती मुद्देसूद बाई आहे. एक शब्द जास्त नाही.” आणि लगेच लिहिलं, ‘होय, बरोबर आहे.’

ते पत्र मीही वाचलं होतं बरं का. ह्याच दोन डोळ्यांनी. आणि मला काही म्हणता काही वाटलं नाही. मी आपली दिवस मोजत होते.

त्याला उत्तर आलं एका ओळीचं. ‘संमती देता येत नाही. कारण विचारू नये.’

आता मात्र माझं डोकं फिरलं. “घ्या! पाठवा अजून नोटिसा!” मी म्हटलं. “रागावल्या त्या. कोणालाही राग येईल. सव्वीस वर्षांची शेजारीण, आणि तुम्ही तिच्याशी कोर्टात बोलावं तसं बोलता! लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण.”

“अगं, पण मी नियमाने—”

“त्या नियमाची तुळई करा आणि टाका दारावर.”

बिस्किटांचा पुडा घेऊन मी स्वतः बाईंकडे गेले. दार उघडलं, पण अर्धंच.

“बाई, ह्यांचं चुकलं. ताईसाठी करतोय हो आम्ही. तुम्हाला माहितीय ना सगळं?”

“माहितीय,” बाई म्हणाल्या. “पण प्रकरण चालू आहे. आता काय बोलायचं ते कागदावर.”

“माझ्याशीसुद्धा?”

बाईंनी आधी माझ्याकडे, मग बिस्किटांकडे बघितलं. “तुझ्याशी बोलायचंय मला. पण रीतसर.” आणि बिस्किटांचा पुडा तेवढा आत घेऊन दार लावलं.

रीतसर म्हणजे काय ते मला कळेना. दवाखान्यात माझं लक्ष लागेना. मी दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर बसते. दिवसभर लोकांना तारखा देते. त्या आठवड्यात एका आजोबांना मी रविवारची तारीख दिली, आणि ते बिचारे रविवारी येऊन बंद दारासमोर कवळी हातात धरून उभे. गवंड्याचे फोन चालू होतेच. तो म्हणे, सोमवारी सुरू करा, नाहीतर मी दुसरं काम धरतो. ताईला फोन केला की ती विचारायचीसुद्धा नाही, कुठवर आलं म्हणून. एकदा परत ‘घर मेहुण्याचं’ म्हणाली, एरवी नुसतं म्हणायची, “तू दमू नकोस.” ते मला जास्त लागायचं. पूर्वीची ताई असती तर म्हणाली असती, “एवढे दिवस काय झोपा काढत होतीस?”

आणि मग तिसरं पत्र आलं. तीस तारखेला नऊ दिवस उरले होते.

मी कामावरून आले तेव्हा हे टेबलाशी बसले होते. चष्मा कपाळावर, पुढ्यात पत्र. “वाच,” म्हणाले.

इथे नियम काय ते सांगायला हवं. शेजाऱ्याने संमती नाकारली तर त्याने आपला एक प्रतिनिधी नेमायचा. प्रतिनिधीने भिंत बघायची आणि अटी लिहून द्यायच्या. समोरच्याने अटी मानल्या की संमती द्यावीच लागते. तर बाईंनी लिहिलं होतं, ‘माझ्या बाजूने प्रतिनिधी म्हणून मी आपल्या पत्नीची नेमणूक करीत आहे.’

मला हसू आवरेना. “अहो, मी! तुमच्या विरुद्ध! आता बघा कशी एकेक अट घालते ती.”

“हसतेस काय? हे नियमात बसतच नाही. प्रतिनिधी कोणीही सज्ञान माणूस चालतो, पण दोन्हीपैकी कुठल्याही घराचा मालक चालत नाही. एवढी वर्षं कोर्टात काढून बाईंना एवढं कळू नये? मी आत्ता लिहून कळवतो, की तू या घराची...”

आणि हे थांबले.

“की मी या घराची काय?”

ह्यांनी चष्मा खाली घेतला, पुसला, परत घातला. “काही नाही,” म्हणाले. “बसतं नियमात.”

भिंतीपलीकडे बाईंनी टाइपरायटरमधून कागद ओढून काढल्याचा आवाज आला.

मी तशीच उभी. सव्वीस वर्षं. दर वेळी दिवाणखान्याच्या रंगावरून मी भांडले. गळकं छप्पर मी पहिल्यांदा बघितलं, प्रत्येक वेळी. कुठली फरशी पोकळ वाजते ते मला अंधारात पायाने कळतं. आणि कागदावर मी कोण? तर शेजारणीची प्रतिनिधी व्हायला चालेल इतकी परकी! खोटं कशाला सांगू, फार लागलं मला.

“अगं, कागद झाले त्या दिवशी तू बाळंत होतीस,” हे म्हणाले. “ऑफिसात येणं शक्य नव्हतं. आपण म्हटलं होतं, नंतर करू.”

“मग? नंतर कधी झालं?”

“राहून गेलं.”

खरंच राहून गेलं होतं. ह्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. त्यामुळे धड भांडतासुद्धा येईना. मी वही आणि पेन्सिल उचलली.

“कुठे निघालीस?”

“भिंत बघायला. मी प्रतिनिधी आहे. तुमच्याशी आता काय बोलायचं ते कागदावर.”

ह्या वेळी बाईंनी दार पूर्ण उघडलं. टाइपरायटर बाजूला घेऊन ठेवला होता, भिंत मोकळी केली होती. भिंतीवर पाच भेगा. प्रत्येकीच्या टोकाला पेन्सिलीची बारीक रेघ आणि तारीख, म्हणजे उद्या भेग वाढली तर लगेच समजावं. ह्यांचे शिकाऊ लोकसुद्धा इतकं नीट करत नाहीत. मी पाचही भेगा मोजून लिहून घेतल्या. एक भेग खिळ्यापासून निघाली होती.

“हा खिळा तुमच्याच बाजूचा,” मी म्हटलं. “ही भेग आमच्या नावावर टाकू नका.”

“शाब्बास,” बाई म्हणाल्या. “बस आता.”

आमचाच बिस्किटांचा पुडा त्यांनी फोडला.

“मला वाटलं, नोटीस पाठवली म्हणून तुम्ही रागावलात,” मी म्हटलं.

“रागावले होते की! दहा मिनिटं. येऊन सांगायला काय झालं होतं त्याला, तोंडात मिठाची गुळणी धरली होती का? पण मग नोटीस परत वाचली. चाळीस वर्षं मी घरांचे कागद टाइप केले. मालकांची नावं वर, बायकांची खाली, साक्षीदारांत. तेव्हा बोटं चालायची, डोकं चालायचं नाही. आमचे हे गेले तेव्हा कळलं. घर ह्यांच्या आणि तीन दिरांच्या नावावर. मी राहते, मी झाडते, आणि माझ्याच डोक्यावरचं छप्पर दुरुस्त करायचं तर तीन दिरांच्या सह्या आणा. एक दीर तर म्हणाला, ‘वहिनी, तुम्हाला कशाला एवढं मोठं घर?’ नाव लावून घ्यायला मला सात वर्षं लागली.”

मला हे काही माहीत नव्हतं. सव्वीस वर्षांत त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

“तुझा नवरा चांगला आहे,” बाई म्हणाल्या. “पण चांगुलपणाची नोंद कुठल्या ऑफिसात होते गं? आणि तू फोनवर स्पीकर लावून बोलतेस. तुझी ताई त्या दिवशी परत तेच म्हणाली, घर मेहुण्याचं म्हणून. मी इथे बसले होते. भिंतीला कान असतात, ते माझेच. मला वाटलं, ती चुकीचं काय बोलली?”

मी वहीचं नवीन पान उघडलं.

“आता अटी लिही,” त्या म्हणाल्या. “एक, ठोकाठोकी सकाळी दहा ते एक, नंतर मी झोपते. दोन, भेगांचे फोटो आधी आणि नंतर. तीन, त्याने स्वतः येऊन मला तोंडी विचारायचं.”

मी लिहिलं. “आणि चौथी?”

“चौथी मी सांगणार नाही. तू माझी प्रतिनिधी आहेस. तुला काय वाटतं ते तू लिही, नाहीतर तीनवर रेघ ओढ. मी तीनवरही सही करते.”

मी वहीत चारचा आकडा घातला. ह्यांना राग आला तर? बायको आपल्यावर अट घालते म्हणून अडून बसले तर? नऊ दिवस होते. ते रुसण्यात गेले, की ताई चालली वृद्धाश्रमात, आणि मी बसेन गॅरेजातले पाइप मोजत. तीन अटींवर काम सोमवारी सुरू झालं असतं. पण मग ताई येणार कोणाच्या घरी? तिला मी म्हटलं होतं, ‘घर माझंही आहे’, आणि ती म्हणाली होती, ‘असेल’. मी चौथी अट लिहिली: ‘नोटीस घराच्या दोन्ही मालकांच्या सहीने द्यावी. मालक दोन नसल्यास आधी दोन करावेत.’

बाईंनी ती ताडताड टाइप केली. तीन प्रतींत.

घरी येऊन कागद ह्यांच्यासमोर ठेवला. हे वाचत गेले. पहिल्या अटीला मान हलवली, दुसरीला हलवली, तिसरीला कान लाल झाले. चौथीवर बोट ठेवलं.

“ही बाईंची?”

“नाही. माझी.”

हे उठले, मेजरिंग टेप घेतली आणि गॅरेजात गेले. काही बिनसलं की ह्यांना मोजायला लागतं. एकदा लेकीशी भांडण झालं तेव्हा अख्खा जिना मोजून काढला होता. मी स्वयंपाकघरात उभी. आतून टेप ओढल्याचा आणि सोडल्याचा आवाज येत होता. आतापर्यंत त्या खोलीचं माप दहादा तरी झालं होतं. जेवायला आले तेसुद्धा टेप खिशात घालूनच.

सकाळी उठले तर हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

“आज सुट्टी घे,” म्हणाले. “आपल्याला नोंदणी ऑफिसात जायचंय. तुझ्या तीन सह्या लागतील आणि दोन फोटो. तिथली माणसं कटकटी असतात, फोटो उलटा लावू नकोस.”

मला हसू आलं, आणि रडूही आलं, आणि त्या गोंधळात मी चप्पल उलटी घातली.

रांगेत उभं असताना हे हळूच म्हणाले, “लोकांच्या भिंतींचे कागद मी रोज बघतो. स्वतःचा एकदाही उघडून बघितला नाही. मला काल लाज वाटली. राग नव्हता आला.”

“मग सांगायचं की तसं! मी रात्रभर जागी!”

“काय सांगू? आधी कागद, मग...”

मी असं बघितलं, की पुढचं त्यांनी गिळलं.

दोन खेपा झाल्या, चार दिवस गेले, शिक्के बसले. संध्याकाळी हे बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागे होते, मुद्दाम.

“बाई, चुकलं माझं. आधी येऊन विचारायला हवं होतं.”

“कोणाला?” बाई म्हणाल्या. “मला की हिला?”

“दोघींनाही.”

“ये आत. आता नोटीस कशाला हवी, तोंडी विचारलंस तेवढं पुरे.”

“नाही,” मी म्हटलं. “नोटीस पाहिजे.”

दोघांनी वळून माझ्याकडे बघितलं. “मला ती बघायचीय,” मी म्हटलं.

ह्यांनी हाताने लिहायला घेतलं, तर बाईंना ते अक्षर बघवेना. स्वतःलाच येणारी नोटीस बाईंनी स्वतः टाइप केली, आमच्या सह्या घेतल्या, खाली आपली संमती टाइप केली आणि सही ठोकली. दुसऱ्या दिवशी पोस्टवालीने विचारलं, “आज काही नाही?” बिचारी हिरमुसली.

गवंडी चिडला होता, पण आला. तुळई चढली त्या दिवशी बाई खुर्ची टाकून आपल्या बाजूला बसल्या होत्या, पाच भेगांवर डोळा ठेवून. एकही हलली नाही. तारीख होती एकोणतीस.

त्या दुपारी मी केंद्रात गेले. ताईच्या उशाशी वृद्धाश्रमाचा फॉर्म होता, नीट भरलेला, फोटो सुलटा लावलेला. फक्त सही बाकी होती.

“ताई, चष्मा घाल.”

“तूच वाच. माझे डोळे दुखतात.”

मी वाचलं. “‘आम्ही, सदर घराचे मालक...’” आणि पुढे माझं नाव वाचलं. मग ह्यांचं. बाईंनी माझं नाव वर टाइप केलं होतं.

ताईने हात पुढे करून ती नोटीस आणि खाली जोडलेला नोंदणीचा कागद ओढून घेतला, चष्मा घातला आणि शिक्का उजेडात धरून बघितला. तीस वर्षं खोटे-खरे शिक्के बघितलेली बाई ती. तिने तो नखाने खरवडूनसुद्धा बघितला.

“खरा आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे काय! खोटा आणीन का?”

तिने वृद्धाश्रमाचा फॉर्म उचलला, मधोमध फाडला आणि दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले, टाकून ये म्हणून.

“आता तो नकाशा काढ,” ती म्हणाली. “हे काय ठिकाण आहे का खिडकीचं? दुपारचं ऊन सगळं तोंडावर येईल. ती रस्त्याच्या बाजूला घे. पलंग भिंतीला. आणि बाथरूमचं दार आत उघडणारं काढलंय कोणी? वॉकर घेऊन मी आत गेले की दार लावू कसं? बाहेर उघडणारं कर.”

“अगं, पण दाराची चौकट आजच बसवली गवंड्याने—”

“मग उद्या काढायला सांग,” ताई म्हणाली. “घराची मालकीण आहेस ना तू?”